बंद गिरणीत मी मेलो तो दिवस

घोडपदेवला खानावळ चालवणाऱ्या काकीने माझ्या आईला वाचवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सांगायला लागलो की लोक हसतात आणि काकी मागेच राहते. ती माझी सख्खी काकी नाही. आमच्या तालुक्यातली, एवढंच नातं. आमच्या गाववाल्यांच्या खोलीत राहणारे आम्ही सगळे तिच्याकडे जेवतो.

मी आठवीत शाळा सोडली आणि काही वर्षांनी मालवणकडून इकडे आलो. लालबागला मिरची कांडायच्या डंक्यावर कामाला आहे. उन्हाळ्यात मान वर करायला फुरसत नसते, पावसाळ्यात मात्र डंका थंड. मग मिळेल ते काम करायचं. त्या पावसाळ्यात आमच्या खोलीतल्या एकाने पिक्चरचं काम आणलं. जवळच्याच एका बंद गिरणीत शूटिंग होतं आणि गर्दीसाठी माणसं हवी होती.

पिक्चर एका जाड कादंबरीवरून होता. समुद्रावरून रोग येतो, मुंबई ओस पडते, जाळायला माणूस उरत नाही म्हणून प्रेतं गिरण्यांमध्ये रांगेने ठेवतात, आणि एक दिवस ती प्रेतं उठतात. डायरेक्टरची असिस्टंट ती कादंबरी छातीशी धरून फिरायची, पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. तिने आम्हाला गोष्ट सांगितली तेव्हा बाकीचे हसत होते. मला हसू आलं नाही. माझे वडील करोनाच्या टाळेबंदीत मुंबईतच वारले. मी तेव्हा आईजवळ गावाला अडकलो होतो. बातमी कुणीतरी परस्पर आईच्याच फोनवर कळवली. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून आईचं हृदय नाजूक आहे. तिला एकदम काही सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी ती विचारते, "सगळी बरी हत मां?"

तर असा मी, आणि मला मिळालं प्रेताचं काम. तेही पहिल्या रांगेत. त्याचं कारण मिरची. गिरणीत धूर सोडला की बाकीची प्रेतं खोकायची. मला ठसका दाबायची सवय. असिस्टंट खूश झाली. म्हणाली, "दादा, तुम्ही एकदम नैसर्गिक मेलाय. कॅमेरा तुमच्या तोंडावर येईल. पापणीसुद्धा हलवायची नाही." तोंडाला राखाडी रंग फासला, नाकात कापूस घातला, अंगावर चादर. मला ते बरं वाटत नव्हतं. जिवंत माणसाने नाकात कापूस घालू नये, असं आतून कुणीतरी सांगत होतं. पण नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

सेटवर सगळ्यांचे फोन जमा करून घेत. हे काम आणणाऱ्या आमच्या खोलीतल्या त्या पठ्ठ्याकडे मात्र दुसरा फोन होता, खिशात लपवलेला. मी आडवा पडलेला असताना त्याने माझा फोटो काढला आणि वाडीच्या ग्रुपवर टाकला. खाली गंमत लिहिणार होता, "आमचो हिरो". तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "जागेवर पडा!", आणि फोन खिशात गेला. ग्रुपवर नुसता फोटो पडला.

आमच्याकडे ग्रुपवर असा फोटो आला तर काय होतं ते सांगायला नको. कुणीतरी पहिल्यांदा 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मग दुसऱ्याने लिहिलं, मग तिसऱ्याने. हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागली. पहिल्याला तरी खरं ठाऊक असणार, असं दुसऱ्याने धरलं, आणि पुढच्यांनी तर तेही धरलं नाही. श्रद्धांजली वाहायला उशीर नको, एवढंच.

यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी चादरीखाली पापणी सांभाळत होतो. कॅमेरा जवळ आला होता. आणि मला दारावरून काकीचा आवाज ऐकू आला.

"ए भाऊ, मेरेको रोकेगा तू? मेरा पोरगा अंदर मरेला पडा है!"

वॉचमन शांतपणे म्हणाला, "मावशी, अंदर सब मरेले हैं. तेरा कौनसा?"

काकी कधी खानावळ सोडून बाहेर पडत नाही. जेवणाच्या वेळेला तर नाहीच. एकच विचार आला, पोरगा मेला हे ती आत शिरायला सांगतेय, खरं आईला काहीतरी झालं. मी ताडकन उठून बसलो. माझ्या शेजारच्याला वाटलं इशारा झाला, तोही उठला. मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता अख्खी रांग हात पुढे करून कण्हत उभी राहिली.

"अरे झोपा! झोपा सगळे!" असिस्टंट कादंबरी हलवत धावत आली. "तुम्ही पुढच्या प्रकरणात उठता!"

मी दाराकडे पळालो. काकीने मला बघितलं आणि वॉचमनचा हात धरून मटकन खाली बसली. दुसऱ्या हातात पदरात गुंडाळलेला फोन होता. तो तिने पोटाशी घट्ट दाबून धरला होता.

"तुझी आई हा लायनीर," ती कुजबुजली. "तिका काय माहीत नाय. बोल."

नंतर समजलं ते असं. काकीने जेवायला आलेल्या एका गाववाल्याच्या फोनवर ग्रुप बघितला, मला फोन लावला, तो बंद. खानावळीच्या वहीत माझ्या घरचा नंबर होता, तेव्हा तिने पहिल्यांदा त्यावर आईला फोन लावला. आईकडे साधा फोन, त्यात ग्रुप नाही. पण कुणीतरी तिला फोन करणार हे नक्की होतं. म्हणून काकीने लाइन अडवून धरली. घोडपदेवपासून गिरणीपर्यंत चालत ती आईशी फणसाच्या साठांबद्दल, म्हणजे फणसपोळीबद्दल, बोलत राहिली. गूळ किती घालतंस, ऊन नसलं तर वाळवतंस कशी. त्या दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. आणि मी जिवंत आहे की नाही, हे काकीला तरी कुठे माहीत होतं?

मी नाकातला कापूस काढून फोन घेतला.

"आये, मी."

"तू? सगळी बरी हत मां? आवाज कित्या असो येता?"

तेवढ्यात फोनमधून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. आमचं घर वाडीपासून लांब, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. तरी वाडीतल्या बायका चालत पोचल्याच होत्या. आता ती कोसळणार, असं वाटलं. मी ओरडत राहिलो, "आये, ऐक, माका काय झाला नाय! आये!" तिकडे आई त्यांना विचारत होती, "गो, काय झाला? कोण गेला?"

कुणीतरी हंबरडा फोडून माझं नाव घेतलं.

मग आईचा आवाज, चिडलेला: "मगे ह्यो फोनार कोण बोलता?"

तिने फोन वाडीतल्या एका वहिनीच्या कानाला लावला असावा, तिचा हुंदका एकदम जवळून आला. मी म्हणालो, "वहिनी, मी जित्तो असंय." एक किंकाळी आली आणि फोन कट झाला.

पुन्हा लावला, लागेना. गिरणीच्या दारात राखाडी रंगाच्या तोंडाने मी नंबर दाबत होतो आणि काकी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. ती वेळ मला आजही नको वाटते. शेवटी आईनेच लावला. फोन अंगणाकडच्या व्हाळीत, पागोळ्यांच्या पाण्याच्या चरात, पडला होता म्हणे, पुसून घेतला.

"वायच छातीत धडधडला. आता बरी असंय," ती म्हणाली. "ऐक. कावळो डोक्याक शिवलो तर आपणच मरणाची खोटी बातमी धाडतत, मायेची माणसा रडली म्हणजे टळता. ही इतकी रडली, तुझा आयुष्य वाढला. पण ता मरायचा काम सोड."

मी सोडलं. त्या दिवशी काकीच्या खानावळीत पंगत उशिरा बसली. बोलणी तिने खाल्ली, माझं नाव सांगितलं नाही. नंतर पिक्चर लागला, खोलीतले बघून आले. मी गेलो नाही. ग्रुपवर काहीही आलं की अजून मी आधी आईला फोन लावतो.

काकी म्हणते, एवढं काय त्यात, नुसती बोलले. पण काकी, मी ठरवलंय. डंक्यावरून सुट्टी मिळू दे, खानावळ सांभाळायला कुणीतरी बघतो, आणि एक दिवस तुला आमच्या घरी घेऊन जातो. व्हाळ ओलांडताना हात मी धरीन. आईसमोर तुला उभी करीन आणि सांगीन, आये, ही ती.