लिंबाखालचं फूल

शनिवारी वेलिंग्टनमधल्या एका फरच्या दुकानासमोर आम्ही चार-पाच जण निषेधाचे फलक धरून गप्प उभे राहायचो. पुण्याहून राहायला आलेली आईही सोबत यायची. वाऱ्याने तिची बोटं आखडायची, म्हणून माझ्या नवऱ्याने बिचाऱ्याने मऊ हातमोजे आणले. लेबल वाचलं, तर पॉसमच्या फरचे! इथली झाडं आणि पक्ष्यांची अंडी फस्त करणाऱ्या या प्राण्याला मारलं तर शाबासकी मिळते. मी भडकलेच.

"आत्ताच्या आत्ता परत कर!"

"परत केले तर दुसरं कुणीतरी घालेल," आई म्हणाली. तिने ते घरामागच्या लिंबाच्या झाडाखाली पुरले, वर कॅमेलियाचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

पुण्याला परतलेली आई पुढच्या हिवाळ्यात तिथेच वारली. अंत्यसंस्कारासाठी मी पोचेपर्यंत थांबणं कुणाला शक्य नव्हतं. शेवटी मी लिंबाखालीच फूल ठेवलं.