ओदीलचं सतरावं प्रथिन

ओदील शार्लेब्वा अठ्ठावीस वर्षं मॉन्ट्रियलच्या पश्चिमेकडल्या एका प्रयोगशाळेत कृमी सांभाळत होती. गोगलगायींच्या टाक्या धुवायच्या, दिव्याखाली त्यांच्यातून बाहेर पडणारी कृमींची पिल्लं गोळा करायची, ती उंदरांना लावायची, आणि सात आठवड्यांनी उंदरांच्या रक्तातून वाढलेले चपटे कृमी काढायचे. मग पुन्हा गोगलगायी. त्यांना रविवार ठाऊक नसतो, म्हणून ओदीललाही नसे. नवरा गेला, गुडघे गेले, कृमी राहिले.

या कृमीच्या अंगावरच्या पातळ पडद्यात एक प्रथिन शोधायचं होतं, बाहेरून आलेला रासायनिक निरोप झेलणारं. तो निरोप अडवला की कृमी लुळा पडावा आणि औषधाला वाट मिळावी. यादीत एक्केचाळीस नावं होती. सोळा फुकट गेली. सतराव्याला चिकटणारा रंग ओदीलने लावला, आणि कृमीची कातडी हिरवी उजळली. त्या प्रथिनाशी थोडंफार जुळणारं एक जनुकही कृमीत सापडलं, तेवढ्यावर सगळे खूश झाले. पाच वर्षं त्यावर गेली. आता शोधनिबंध तयार होता आणि त्यावर पहिलं नाव तिचं होतं. एरवी ती आभाराच्या ओळीत असायची.

पण हा कृमी लबाड. ज्याच्या रक्तात राहतो त्याचीच प्रथिनं अंगावर ओढून घेतो, म्हणजे त्याला कुणी परका म्हणत नाही. नव्या विद्यार्थ्यांना हे ओदीलच शिकवायची. तरी हा कृमी दुसऱ्या प्राण्यात वाढवून पाहावा, हे तिला पाच वर्षांत सुचलं नव्हतं. जानेवारीत, कुणाला न सांगता, तिने थोडे हॅमस्टरमध्ये वाढवले. मार्चमध्ये रंग लावला. कृमी काळेच राहिले. तीनदा लावला, तीनदा काळे.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या खोलीत, तिने ते गास्तों व्हेझिनाला सांगितलं. तो प्रयोगशाळेचा प्रमुख, तिच्याच वयाचा. वाटाण्याचं सूप ढवळत तो रंगाची बाटली जुनी असेल म्हणाला. त्याच बाटलीने उंदरांतले कृमी उजळतात, असं ती म्हणाली.

"सोमवारी पाठवायचाय निबंध, ओदील."

"माहीत आहे. पहिलं नाव कुणाचं आहे, तेही माहीत आहे."

"मग गप्प का नाही बसलीस?" त्याच्या आवाजात राग नव्हता.

"बसले होते की. तीन दिवस. गप्प बसायलाही ताकद लागते, गास्तों, आणि ती मी टाक्या उचलण्यात घालवलीय."

त्याने सूपाची वाटी बाजूला सरकवली.

"म्हणजे पाच वर्षं आपण उंदराचंच प्रथिन तपासलं."

"उंदराला विचारलं असतं तर त्याने फुकटात सांगितलं असतं."

तो हसला. तिला हसू आलं नाही. नुसते खांदे थोडे सैल झाले. निबंध थांबवल्याचं इतरांना आजच कळवतो, असं तो म्हणाला. मग अठराव्याचं काय, असं त्याने जवळजवळ अपराध्यासारखं विचारलं. ओदीलने मनात हिशेब केला. अठराव्याचं उत्तर मिळेपर्यंत ती निवृत्त झालेली असेल, आणि ते उत्तर दुसऱ्याच कुणाच्या नावावर जाईल.

"हॅमस्टर यायला दोन आठवडे लागतात," ती म्हणाली. "यापुढे रंग लावायच्या आधी कृमी दोन्ही प्राण्यांत वाढवायचे. आजच मागव."

"किती?"

"बारा. आणि पिंजरे मी धुणार नाही."