वाकड्या नाकाचा साहेब

पाइपच्या तंबाखूचा वास आला की साठच्या दशकातली आमची कुवेतमधली हवल्लीची खोली आठवते. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत अब्बांना मुकादमी द्यायला स्कॉटिश साहेब केनेथ कॅमरन पाइप ओढत घरी आला होता. अम्मीला त्याचा दाट संशय. आमच्याकडे आडनावावरून माणसाचं गाव कळतं, आणि याच्या आडनावात गावच नव्हतं.

"केनेथ म्हणजे देखणा," साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, "आणि कॅमरन म्हणजे वाकड्या नाकाचा."

अम्मीनं ते नाक डोळे बारीक करून न्याहाळलं. "नाक तर सरळ आहे. नावातच थाप, मग पगार तरी खरा देईल का?"

साहेब हसला. "तुम्ही बाणकोटकर. बाणकोटात घर कुठे?"

"तिथे घर नाही," अब्बा पुटपुटले. "आजोबांनीच गाव सोडलं."

अम्मीनं साहेबाचा कप पुन्हा भरला आणि अब्बांना म्हणाली, "घ्या मुकादमी. दोघेही सारखेच लबाड."