मामाजींची नळी

इचोड्यापासून आदिलाबादपर्यंत माझ्या सासऱ्यांच्या संशयातून सुटलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. स्वतःच्याच किराणा दुकानातली डाळ घरी नेतानाही ते मूठभर हातावर घेऊन निरखतात. लग्न ठरायच्या आधी मी खरंच नोकरी करतो का, हे बघायला ते अनोळखी माणसासारखे आमच्या ऑफिसात येऊन बसले होते. मी चहा मागवला, तर म्हणाले, "वळख ना पाळख, चहा काऊन पाजून राह्यले?"

पण मामाजींचा खरा राग त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीतल्या एका व्हॉल्ववर. तो सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडतो. "एकदा बाहेर टाकलेलं परत आत घेते, म्हंजे काईतरी गडबड हाये," असं त्यांचं ठाम मत. मेकॅनिकने व्हॉल्वची काजळी साफ केली की मामाजी स्वतः परीक्षा घेत. गाडी जागेवर सुरू ठेवायची, व्हॉल्वची रबरी नळी तोंडात धरायची, डोळे मिटायचे आणि जीव खाऊन हवा ओढायची. व्हॉल्व उघडून धूर आत शिरला की इंजिन गचके खाऊन बंद पडतं. ते बंद पडलं म्हणजे व्हॉल्व ठीक, आणि मामाजी खूश!

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं होतं. भाड्याच्या गाडीचं नाव काढायची सोय नव्हती, कारण ड्रायव्हर नावाचा प्राणी वाटेत झोपतोच, याची मामाजींना खात्री. आदल्याच दिवशी मेकॅनिकने व्हॉल्व साफ केला होता, म्हणून निघायच्या सकाळी मामाजींनी बॉनेट उघडलं. मी स्टिअरिंगवर, सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन मागे. मामाजींनी नळी ओढली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं. मामाजी मात्र डोळे मिटून ओढतच राहिले, चेहरा लालबुंद. शेवटी नळी फेकून ओरडले, "पाहा! बंदच नाई पडत! फसवलं त्या मेकॅनिकनं. नागपूर रद्द!"

"मामाजी, गाडी बंद पडली!" मी खिडकीतून ओरडलो.

"चावी तुमीच फिरवली असन!"

"अवो, मेली गाडी मघाच," सासूबाई हळूच म्हणाल्या. ते त्यांना ऐकू गेलं नाही, जसं इंजिन थांबल्याचंही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी बॉनेटच्या आत हात ठेवला. हाताखाली इंजिन निपचित होतं. तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही, आणि मला उगाचच उतरून ते बॉनेट लावून टाकावंसं वाटलं.

मग ते म्हणाले, "पुन्हा सुरू करा." या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. नळी तोंडात धरून ते उघड्या बॉनेटच्या कडेने माझ्या तोंडाकडे बघत राहिले. गाडी बंद पडली, मी मान हलवली.

"तुमी म्हणता तर पडली असन, जवाईबापू," ते म्हणाले आणि मुकाट्याने माझ्या शेजारी येऊन बसले. आम्ही वेळेत नागपूरला पोचलो. सासूबाईंना आता लख्ख दिसतं.

तेव्हापासून मामाजी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवली की बॉनेट लावतात. मला ते फार जड जातं. एकदा तरी त्यांनी पुन्हा डोळे वटारून "चावी तुमीच फिरवली," म्हणावं, म्हणून मी वाट बघतो.