हॅम्बर्गला नेलेली हळद

जर्मनीला तीन दिवसांसाठी जायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे सूटकेस नव्हती. बदलापूरच्या माणसाला सूटकेस लागते कशाला? लग्नाला होल्डॉल, बाकी सगळीकडे कापडी पिशवी. म्हणून शनिवारी उल्हासनगर गाठलं, तिथला कॅम्प चारचा बाजार. दुकानातल्या सिंधी शेठनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे केलं, मग एक निळी सूटकेस काउंटरवर आपटली. "साईं (साहेब), जर्मनी क्या, चांद पे लेके जाव. गॅरंटी!" माणसाचा पापड खाल्ल्यावर घासाघीस करायला जीभ रेटत नाही. घेतली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथच्या एका लहानशा कारखान्यात मी माल तपासायचो. आम्ही स्टेनलेस स्टीलची कपलिंगं (दोन नळ्या आट्यांनी जोडणारे तुकडे) बनवायचो. आमचं मोठं गिऱ्हाईक तुटलं होतं, अर्धी मशिनं ताडपत्रीखाली होती. मालकांनी सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, "हॅम्बर्गची ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर कुलूप." चाळीस माणसं ऐकत उभी होती. नेमकं तेव्हाच मालकांचं ऑपरेशन निघालं आणि नमुन्याचे सहा तुकडे घेऊन जायचं माझ्या गळ्यात पडलं. इंग्रजी बरं बोलतो, एवढीच माझी लायकी.

निघायच्या सकाळी तुकडे घ्यायला कारखान्यात गेलो, तर गणपतमामांनी ते पाटावर मांडलेले. मामा वांगणीचे, आमचे सगळ्यात जुने टर्नर, लेथवर माल कातणारे. हे सहाही तुकडे त्यांच्याच हातचे. शेजारी वाटीत ओली हळद, घरच्या बांधावरची.

"मामा, पॉलिश केलेला माल आहे हो!"

"सायेब, मोकल्या कपालानं पोरगी सासरी धाडत नाय कोन."

त्यांनी प्रत्येक तुकड्याला बोट लावलं, नमस्कार केला, आणि माझं तोंड बघून फडक्यानं पुसूनही दिलं. त्या गडबडीत माझ्या नव्या पांढऱ्या शर्टाच्या कफला हळद लागली. बॅग उचलायला घरी आलो तर बायकोचं लक्ष पहिलं तिथेच. "साबण लावू नका हं, लाल होईल. आधी लिंबू चोळा." बाहेर जीप हॉर्न देत होती. मी "बरं, बरं" म्हटलं, म्हणजे ऐकलं नाही.

दोन विमानं बदलून दुपारी हॅम्बर्गला उतरलो. आभाळ राखाडी, थंडी हाडात शिरणारी. सामानाच्या पट्ट्यासमोर उभा राहिलो. आधी माझा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आला. त्यामागून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. सगळ्यात शेवटी कुणीतरी दोरीनं आवळलेली निळी सूटकेस. चांद लांबच राहिला, हिचं कुलूप वाटेतच गळून पडलं होतं. लोक इतके सभ्य की कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

हॉटेलात बॅग उघडली आणि कपाळावर हात मारला. खोबरेल तेलाची बाटली फुटली होती. त्या थंडीत तेल गोठून तुकड्यांवर मेणासारखं बसलं होतं. उद्या सकाळी तपासणी! मी कोट काढला, बेसिनमध्ये गरम पाणी सोडलं आणि साबण लावून सहाही तुकडे खसाखसा घासले. त्याच पाण्यात शर्टही धुतला. सगळं हीटरवर वाळत टाकलं आणि बुटांसकट पलंगावर आडवा झालो.

हॉटेलवाल्या आजीबाईंनी दार ठोठावून उठवलं. मी मांस खात नाही हे कळल्यावर त्यांनी मोठ्या काळजीनं उकडलेले 'कार्टोफेल' (बटाटे) आणून दिले. मी त्यांना पुरी दिली. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिखटानं, पण मला आपल्या माणसात बसल्यासारखं वाटलं.

सकाळी ऑर्डर देणाऱ्या कंपनीच्या नदीकाठच्या कचेरीत गेलो. नदी केवढी! आमची उल्हास तिच्या एका कोपऱ्यात मावली असती, तरी आठवण मात्र उल्हासचीच आली. तपासणीला पांढऱ्या कोटातले एक उंच म्हातारे इंजिनिअर होते. त्यांनी चहा मागवला, बिनदुधाचा, बशीत लिंबाची चकती. मग पहिला तुकडा भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला.

"रोस्ट (गंज)," ते म्हणाले.

दुसरा तुकडा. रोस्ट. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. आट्यांच्या खाचांत तांबूस रेघा होत्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि शांतपणे इंग्रजीत विचारलं, "हे स्टेनलेस आहे असं कोण म्हणतं?"

आमचा माल खोटा? गणपतमामांचा माल खोटा? ताडपत्रीखालची मशिनं डोळ्यांपुढे आली, चाळीस माणसं आली. तुकडा बघायला हात पुढे केला, आणि माझा कफ त्याच्या शेजारी आला.

कफवर तोच तांबूस रंग होता.

अरे देवा! हा गंज नव्हता. ही मामांची हळद होती, आणि तिला साबण लावणारा शहाणा मीच होतो. मी बशीतली लिंबाची चकती उचलली आणि तुकड्यावर पिळली. "अहो, काय करताय?" म्हणून साहेब उठले, तोवर तांबूस रेघ पिवळीधमक झाली होती. मी कफवर पिळलं. तोही पिवळा झाला. साहेबांनी पुन्हा भिंग घेतलं. मग स्वतःची चकती दुसऱ्या तुकड्यावर पिळली, आणि शेजारच्या खोलीतल्या दोघांना हाक मारली.

हे काय आहे असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ज्यांनी हे बनवलं, त्यांनी लावलंय. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना लावतात." मग ॲसिड, वजनं, दाब, सगळ्या चाचण्या दिवसभर चालल्या. मी खुर्चीत कधी झोपलो कळलं नाही. जागं केलं ते साहेबांनीच, हातात कागद देऊन. ऑर्डर मंजूर! खाली एकच अट होती: माल हळद न लावता पाठवावा.

परत आल्यावर सूटकेस दाखवायला कॅम्प चारला गेलो. शेठ म्हणाले, "साईं, गॅरंटी चांद की थी, जर्मनी की नहीं." आणि पापड मागवला.

कॅन्टीनमध्ये मी हा किस्सा मीठमसाला लावून सांगितला, त्या अटीसकट. लोक पोट धरून हसले. मामाही हसले.

पहिला माल निघाला त्या दिवशी लाकडी खोकी ट्रकमध्ये चढत होती. ना पाट, ना वाटी. मामा हात मागे बांधून भिंतीशी उभे होते. माझी मलाच लाज वाटली. ज्या माणसानं पोरीसारखा माल सासरी धाडला, त्याची मी चाळीस माणसांत थट्टा केली होती.

कॅन्टीनमधून बशीत हळद कालवून आणली आणि त्यांच्यापुढे धरली.

"मामा, अट मालाची आहे, खोक्यांची नाही. लाकडाला गंज चढत नाही."

त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. "थट्टा नाय ना, सायेब?"

"नाही हो, मामा."

त्यांनी बशी घेतली. पुढे मी पुष्कळ देश हिंडलो, चांगल्या सूटकेसी वापरल्या. आता तो कारखानाही नाही आणि मामाही नाहीत. पण कुठल्याही परक्या गावात बॅग उघडताना मला तो ट्रक दिसतो. तो फाटकाबाहेर पडला होता, आणि मामा "थांब, थांब, एक खोकं ऱ्हायलं!" म्हणून ओरडत, बशी सांभाळत, त्याच्यामागे पळत होते.