बाटलीतला बेल

दिवाळी नुकतीच सरली होती. सकाळी देवपूजेला बसलो असता बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला. पूजा पूर्ण होईपर्यंत मंत्रांव्यतिरिक्त एक शब्दही मी उच्चारत नाही; मुंजीत वडिलांनी लावून दिलेला हा नेम तोवर कधी मोडला नव्हता. फोन थांबला, पुन्हा वाजला, आणि मी अभिषेकाची धार खंडू न देता बसून राहिलो. घंटा वाजवून उठलो, तेव्हा पुन्हा वाजणारा फोन उचलला आणि येवल्याहून अश्विनीच्या वडिलांचा आवाज ऐकला. “गुरुजी, पोरगी गेली हो आपली…” त्यापुढे त्यांना बोलवेना. तापाचे निमित्त झाले होते. ते ‘आपली’ म्हणाले, तो शब्द मी धरून ठेवला.

अश्विनी माझ्या नात्याची नव्हती. पत्नीच्या पश्चात पंचवटीतल्या माझ्या घराची मागची खोली रिकामी पडली होती. ती तीन वर्षांपूर्वी मी तिला राहायला दिली. वडील येवल्यात पैठणी विणतात, आणि लेकीला नाशिकच्या महाविद्यालयात जैवतंत्रज्ञानाच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. “हे शिकून नक्की काय होणार?” असे मी विचारले, तेव्हा वडिलांनी मुलीकडे पाहिले आणि ती म्हणाली, “मलाबी अजून कळलं नाही, गुरुजी. कळलं की सांगते.” जन्मभर पाठशाळेत संस्कृत शिकवले, पण इतके सरळ उत्तर फार थोड्या विद्यार्थ्यांनी मला दिले असेल.

पहिल्याच आठवड्यात पूजेचा रेशमी कद नेसून मी देवघराकडे निघालो होतो. ती समोर आली, तसे सवयीने म्हणालो, “सोवळ्यात आहे, शिवू नकोस.” ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि कदाकडे निरखून पाहत म्हणाली, “रेशीम आम्ही विणायचं, आणि शिवायचं नाहीबी आम्हीच. भारीच की, गुरुजी!” तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. दुसऱ्या दिवशी, ज्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नसतो तो धुतलेला कद मी वाळत घालण्यासाठी तिच्या हाती दिला. त्यानंतर केव्हातरी मी ‘गुरुजी’चा ‘आजोबा’ झालो.

संध्याकाळी ती मला आपल्या प्रयोगशाळेविषयी सांगत बसे. काचेच्या कपाटासारखी एक पेटी, तीतून गाळलेली हवा सतत वाहते. हात कोपरापर्यंत धुऊन स्पिरिटने पुसायचे, चिमटा ज्योतीवर धरायचा, आणि काम संपेपर्यंत तोंड उघडायचे नाही, कारण श्वासातूनही जंतू पडतात. “माझं सोवळं तुमच्यापेक्षा लय कडक आहे, आजोबा. तुमचे देव माफ तरी करतात!” ती हसून म्हणे. हाताला वळण लागावे म्हणून सकाळी आपल्या खोलीत स्पिरिटचा दिवा लावून ती साध्या पाण्यावर सराव करी, तोही ओठ मिटून. इकडे माझे मौन, तिकडे तिचे. घंटा वाजली की मागच्या खोलीतून हमखास प्रश्न येई, “झालं? आता बोलू?” आणि मग कॉलेजची वेळ होईपर्यंत तिच्या बोलण्याला खंड नसे.

अंगणातला बेल माझ्या आजोबांनी लावलेला. गेली काही वर्षे तो खोडापासून वाळत चालला होता. फळ धरत नव्हता, कलमेही बांधून पाहिली, ती जगली नाहीत. ज्याच्या पानांवर तीन पिढ्यांची पूजा झाली, तो माझ्या डोळ्यांदेखत संपणार, हे मी मनाशी मान्य केले होते. शेवटच्या वर्षी प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा अश्विनीने तो बेलच मागितला. कोवळ्या फांदीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बाटलीतल्या पोषक खळीवर ठेवला, तर त्यातून अख्खे रोप उभे करता येते, असे तिचे म्हणणे. पण प्रात्यक्षिक सोमवारी, आणि सोमवारी बेल तोडायचा नाही असा आमच्या घरचा नियम. “रविवारी तोडून ठेव. बेल शिळा होत नाही,” मी म्हणालो. “तुमच्या शंकराला चालत असेल हो, माझ्या खळीला नाही चालत!” अखेर सोमवारी पहाटे मीच झाडाला हात जोडून तिला फांदी काढून दिली. ज्याने झाड वाचणार, ते तोडणे कसे म्हणावे?

तुकड्यांना पालवी फुटली. तिने मोबाइलवर छायाचित्रे दाखवली. हिरवे ठिपके, पण मला त्यांत बिल्वदल दिसले. तेवढ्यात खंडेनवमी आली. अंबडच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, येवल्यात मागाची होते. मग आपल्या त्या पेटीची का नको, असे तिला वाटले. तिने पेटीला हळदकुंकू वाहिले, आत झेंडूचे फूल ठेवले, आणि त्याच पेटीसमोर बसून रोपे नव्या बाटल्यांत हलवली. आठवड्याभरात साऱ्या बाटल्यांत कापसासारखी बुरशी चढली. त्या संध्याकाळी ती दारातच बसली. “सानिया म्हणत होती, फूल आत नको ठेवू. मीच ऐकलं नाही… देवाचं करायला गेले आणि सगळं नासलं, आजोबा.” सानिया म्हणजे तिची वर्गमैत्रीण. मी म्हणालो, “अगं, गाभाऱ्यात चप्पल घालून गेलीस, एवढंच झालं.” तिने वर पाहिले. “फूल म्हणजे चप्पल?” “तुझ्या गाभाऱ्यात, हो.” ती रडता रडता हसली.

त्या दिवशी हलवायची राहून गेलेली एकच बाटली वाचली. तिच्यातल्या अंकुराला चार पाने आली, पण मूळ येईना. आणि मुळावाचून बाटलीबाहेर त्याचा निभाव लागणार नव्हता. दिवाळीच्या सुटीत प्रयोगशाळा बंद, म्हणून ती बाटली तिने माझ्या उत्तरेच्या खिडकीत आणून ठेवली. येवल्याला जाताना बजावले, “हलवू नका, उघडू नका. कौतुक करायचं तर लांबून करा.” नंतर ती बातमी आली…

पुढचे दिवस मी त्या खिडकीसमोर काढले. मागच्या खोलीचे दार लोटलेले असे. तिकडे जाववत नसे. घरात तिचे जिवंत असे त्या बाटलीतले रोपच उरले होते. मग खळी आटू लागली, एक पान पिवळे पडले. सानिया तिची पुस्तके न्यायला आली, तेव्हा बाटली उजेडाकडे धरून म्हणाली, “आजोबा, याला आता दुसरी खळी लागेल, मुळांची. इथं ठेवलं तर जाईल. नेऊ?” ती बिचारी हातात बाटली घेऊन उभी राहिली, घाई केली नाही. शेवटी मी जुन्या कदाची शिवलेली चौघडी काढून दिली, तीत गुंडाळून तिने ती नेली. खिडकीत धुळीवर एक गोल खूण राहिली. ती मी पुसलेली नाही.

परवा अभिषेक चालू असताना फोन वाजला. क्षणभर तीच सकाळ समोर उभी राहिली. मी धार थांबवली, सोवळ्यानेच बाहेर गेलो आणि फोन उचलला. “आजोबा, मूळ आलं!” सानिया सांगत होती. “एकच आहे, पांढरं, दोऱ्यासारखं. तिच्या आईबाबांनाबी कळवते.” “बरं झालं, बाळ,” मी म्हणालो. पुन्हा स्नान केले, अभिषेक पहिल्यापासून केला, आरती झाली. घंटा वाजवून खाली ठेवली आणि रोजच्यासारखा मागच्या खोलीकडे कान देऊन थांबलो.

“झालं? आता बोलू?” असे कुणी विचारले नाही. सांगायचे मात्र या वेळी माझ्याकडे होते.