वांगणीला, दत्ताच्या आईकडे

उल्हासनगर कॅम्प नं. ३ ते वांगणी, स्कूटरवर तासाभराचा रस्ता. मला निघायला पंचवीसहून जास्त वर्षं लागली.

दत्ता अंबरनाथजवळच्या मोरिवलीचा, माझा शाळेतला मित्र. सैन्यभरतीला मीच त्याला ओढून नेलं, कारण मला एकट्याने जायचा धीर होत नव्हता. माझी छाती मापात भरली नाही, त्याची निवड झाली. कारगिलच्या लढाईत गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. अंत्ययात्रेत मी पार मागे चाललो. त्याच्या आईसमोर, अनुसयामावशीसमोर, तेव्हाही गेलो नाही आणि नंतरही नाही. यंदा माझा मुलगा बावीस वर्षांचा झाला. एका रविवारी बायकोला म्हटलं, "जाऊन येतो." कुठे, ते तिने विचारलं नाही.

निघायचं तर सातच्या आत निघा. नंतर कॅम्पातल्या बाजारात जीन्सचे गठ्ठे उतरू लागतात आणि स्कूटर अडकते. अंबरनाथचं शिवमंदिर चुकवू नका. कोवळ्या उन्हात त्या काळ्या दगडातल्या मूर्ती फार सुंदर दिसतात. मी मात्र पाच मिनिटांत निघालो.

मोरिवलीच्या नाक्यावर दत्ताच्या नावाची पाटी आहे. तिच्याखाली शेअर रिक्षा लागतात. त्याचं जुनं घर होतं तिथे आता इमारत उभी आहे, म्हणून एका रिक्षावाल्याला विचारलं, "यांचं घर कुठे?"

"किनका?"

"या पाटीवरच्यांचं."

त्याने मान वर करून नाव वाचलं. "ये तो चौक का नाम है ना, काका?"

बाजूचा पानवाला म्हणाला, "त्यांची आई लेकीकडे असते आता, सुरेखाकडे. वांगणीला." पत्ताही त्यानेच सांगितला.

बदलापूरला मिसळ खाल्ली. ऐंशी रुपये, तर्री झणझणीत, पाव ताजा. निम्मी तशीच राहिली. पुढे रस्ता मोकळा होतो, इमारती विरळ होतात, भाताची खाचरं लागतात. दोनदा वाटलं, परत फिरावं.

सुरेखाने दार उघडलं आणि लगेच ओळखलं. "दादा, तुम्ही!" मावशी आत पलंगावर बसली होती. तिने मला निरखून पाहिलं.

"तूच ना रं, त्याला भरतीला नेलेलास?"

"हो, मावशी."

"लई शिव्या घातल्यात तुला. दोन-तीन वर्षं, रोज."

सुरेखा म्हणाली, "आई, असू दे गं."

"बोलू दे मला. मग राग गेला. पण तू आलाच नाहीस. त्याच्याबरोबर खेळलेलं कोण उरलं नाही इथं. पंधरा ऑगस्टला साहेब लोक येतात, शाल देतात. त्यांना काय ठावं तो कसा होता? बस. सांग मला, त्या भरतीच्या दिवशी काय झालं?"

मी सांगितलं. धावायच्या आधी माझ्या बुटाचा तळ निघाला. दत्ताने स्वतःचे बूट काढून मला दिले आणि अनवाणी धावला. खडीवरून. तरी तिसरा आला. मी पार मागे, पण कसाबसा वेळेत पोचलो. पुढे माझी छाती भरली नाही, आणि बूट माझ्याकडेच राहिले.

मावशी म्हणाली, "बूट हरवले म्हणाला होता मला. पायाला हे फोड! आणि मी त्याला दोन दिवस बोलले, नवे बूट घालवलेस म्हणून." तिने पदर तोंडाला लावला. रडते आहे असं वाटलं, पण ती हसत होती. "लबाड! सुरेखा, ऐकलंस का? तुझा भाऊ बघ. परत सांग रं, हिला नीट सांग."

मी परत सांगितलं. मग मावशीने शेजारच्या बाईंना बोलावलं, त्यांनाही सांगितलं. जेवताना मावशीने चौथ्यांदा विचारलं, "तिसरा आला म्हणालास ना?"

वांगणीला जाऊन बघण्यासारखं फार काही नाही. पण तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेल, तर हार-शाल राहू द्या; त्या मुलाची एखादी आठवण असेल तर ती घेऊन जा.

चारला घरी पोचलो. बायकोने चहा ठेवत विचारलं, "काय म्हणाल्या?"

"रागावल्या," म्हटलं, "आणि मग जेवायला वाढलं."